स्टँड मिक्सरच्या धातूच्या ग्राइंडरमधून खिम्याऐवजी लगदा येत असेल तर

पहिला पाव किलो खिमा झकास पडतो. मग जाळीतून येणारे सुटे धागे बंद होतात आणि गुलाबी-पांढरा चिकट लगदा पिळून निघायला लागतो. दट्ट्या दाबला तरी मटण खाली सरकत नाही, मिक्सरचा आवाज जड होतो, त्याचे डोके, म्हणजे मोटर असलेला वरचा भाग, तापते. मशीन खोलून, धुऊन पुन्हा जोडले की थोडा वेळ ठीक चालते आणि पुन्हा तेच.

बहुतेकांना वाटते मोटर कमी पडते. मोटर क्वचितच कमी पडते. ग्राइंडरचे काम कात्रीचे आहे: फिरणारे पाते आणि स्थिर जाळी या दोन धारांमध्ये मांस कापले गेले पाहिजे. त्या दोन धारांमध्ये फट पडली, मधे काही गुंडाळले गेले किंवा चरबी मऊ पडली की मांस कापले न जाता छिद्रांतून रेटले जाते. लगदा होतो तो त्यामुळे, आणि मोटरवर ताण येतो तोही त्यामुळेच. म्हणून जास्त जोर लावणे हा उपाय कधीच नाही.

खालची माहिती किचनएड कंपनीच्या मिक्सरसारख्या स्टँड मिक्सरला, म्हणजे ओट्यावर उभ्या राहणाऱ्या, केक फेटायच्या मिक्सरला लागणाऱ्या धातूच्या ग्राइंडरची आहे; अशा मिक्सरच्या पुढच्या बाजूला जोडण्या लावायचे गोल तोंड, म्हणजे हब, असते. ग्राइंडरमध्ये बॉडी, आतला स्क्रू, चार पंखांचे पाते, तीन जाळ्या (3 मिमी, 4.5 मिमी आणि 8 मिमी), पुढची रिंग, वरचा ट्रे आणि दट्ट्या असतो.

आधी आत काय अडकले आहे ते बघा

लगदा यायला लागला की मिक्सर बंद करा, प्लग काढा, रिंग उघडा आणि लगेच धुऊ नका. पात्याभोवती आणि जाळीच्या आतल्या बाजूला जे दिसते त्यावरून कारण कळते.

पात्याच्या दांड्याभोवती पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता दिसला तर शिरा आणि पडदे नीट काढलेले नाहीत. छिद्रांवर पांढरट, बोटाला मेणचट लागणारा थर असेल तर मांस किंवा मशीन गरम आहे. दोरे नाहीत, चरबीचा थरही नाही, पण पाते आणि जाळी यांच्यामध्ये चेपलेल्या मांसाची वडी बसली आहे, तर पाते उलटे लागले आहे, रिंग सैल आहे किंवा धार गेली आहे. बॉडीत लालसर पाणी साचले असेल तर मांस ओले होते.

दोन कारणे एकत्र असणे नेहमीचे आहे. शिरा गुंडाळल्या की घर्षण वाढते, घर्षणाने जाळी तापते आणि मग चरबीही पसरते. अशा वेळी शिरा हे मूळ कारण समजा.

पाते उलटे लागणे

ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत सोपी चूक आहे. पात्याची एक बाजू सपाट असते, पंखांच्या कडा त्या बाजूला धारदार असतात. दुसरी बाजू उंचसखल, गोलसर असते. सपाट, धारदार बाजू बाहेर, म्हणजे जाळीकडे हवी. शंका आली तर पाते ओट्यावर ठेवून बघा: चारही पंख पूर्ण लांबीने ओट्याला टेकले तर खाली आहे ती सपाट बाजू. तीच जाळीला टेकायला हवी.

जोडायचा क्रम असा:

1. मिक्सर बंद, प्लग काढलेला. हबचे झाकण उघडा किंवा काढा.
2. स्क्रू बॉडीत सरकवा. त्याचे पुढचे चौकोनी टोक बाहेर दिसले पाहिजे.
3. त्या चौकोनावर पाते, सपाट बाजू बाहेर.
4. पात्यावर जाळी. जाळीच्या कडेच्या खाचा बॉडीच्या खुणांत बसल्या पाहिजेत. जाळी हाताने फिरवून बघा, फिरता कामा नये.
5. रिंग हाताने घट्ट करा. जोर लावून आवळू नका, पकड-पाना तर मुळीच नको.
6. मागची चौकोनी दांडी हबमध्ये घाला. ती बसत नसेल तर बॉडी जराशी मागेपुढे फिरवा. बॉडीच्या मानेवरची छोटी पिन हबच्या कडेच्या खाचेत उतरली की बाजूची मूठ आवळा.

रिंगची घट्टाई हा यातला नाजूक भाग आहे. सैल राहिली तर जाळी पात्यापासून केसभर दूर जाते, आणि तेवढी फट शिरा शिरायला पुरते. फार आवळली तर पाते जाळीवर कोरडे घासते, धातू तापतो आणि काळी पूड सुटते. हाताने सहज बसेल तिथे थांबा, शे-दोनशे ग्रॅम मांस जाऊ द्या, मग मिक्सर बंद करून रिंग एकदा तपासा. पहिल्या घासाबरोबर भाग आपापल्या जागी बसतात आणि रिंग किंचित सैल पडलेली सापडते.

रिकामे मशीन चालवून बघायची सवय सोडा. पाते आणि जाळी यांना मांसातल्या ओलाव्याचे आणि चरबीचे वंगण लागते. कोरडे फिरले की धार जाते. ट्रेमध्ये मांस तयार असले पाहिजे, मगच स्विच.

गरम मांस, गरम लोखंड

नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट दुपारी स्वयंपाकघरात ठेवलेला ग्राइंडर आधीच कोमट असतो. त्यात बाजारातून आणलेले, थंड न केलेले मटण घातले तर चरबी कापली जात नाही, ती पसरते. कोंबडीची आणि डुकराची चरबी बकऱ्याच्या चरबीपेक्षा लवकर मऊ पडते, म्हणून चिकन खिम्यात ही तक्रार जास्त येते.

बॉडी, स्क्रू, पाते आणि जाळी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. मांसाच्या 2 सेंमी जाडीच्या, बोटभर लांब पट्ट्या कापा. चौकोनी तुकड्यांपेक्षा पट्ट्या बऱ्या, कारण एकदा स्क्रूने टोक पकडले की पट्टी स्वतःच आत ओढली जाते आणि दट्ट्याची गरज क्वचित लागते. पट्ट्या स्टीलच्या ताटात एका थरात, एकमेकींना न चिकटवता पसरून 30 ते 40 मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवा, चिकन असेल तर 45 मिनिटे. बोटाने दाबल्यावर बाहेरून कडक आणि आतून थोडे दबणारे, अशी पट्टी झाली की काढा. पूर्ण गोठलेले मांस मात्र घालू नका. ते दगडासारखे असते आणि त्याचा झटका थेट गिअरवर बसतो.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट होते. फ्रीझरमधून काढलेल्या धातूवर मिनिटभरात दव धरते. ते पाणी स्क्रूच्या वळ्यांत उतरले की पहिला खिमा पाणचट येतो. जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच कामाला लागा.

खाली खिमा झेलायला ठेवलेले भांडे बर्फाच्या परातीत ठेवा. दोन किलो करायचे असेल तर किलो-किलोचे दोन घाणे करा, दुसऱ्या घाण्याचे मांस तोवर फ्रीझमध्येच राहू द्या. कच्चा खिमा 4 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जास्त वेळ राहू नये: एकूण दोन तासांच्या आत, आणि स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत तो शिजायला किंवा फ्रीझमध्ये गेला पाहिजे. पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याला ही शिस्त अख्ख्या तुकड्यापेक्षा कडक लागते. शिजताना मटण खिमा आतून 71 अंशांपर्यंत आणि चिकन 74 अंशांपर्यंत जायला हवे.

शिरा, पडदे आणि हाडाची कणी

बकऱ्याच्या मटणात चरबी कमी आणि पडदे जास्त. मांडीच्या स्नायूंवर चकचकीत रुपेरी पडदा असतो. ग्राइंडरमध्ये तो कापला न जाता पात्याभोवती दोऱ्यासारखा गुंडाळतो. सुरीचे टोक पडद्याखाली सरकवा, धार किंचित वर ठेवून पडदा ओढत सोला. नळीच्या हाडाजवळची पिवळट, ताठ शीर पूर्ण कापून टाका. एक किलो मांडीला यात वीस मिनिटे जातात, आणि या समस्येवर घालवलेली ही सर्वांत सत्कारणी लागणारी वीस मिनिटे आहेत.

खाटकाकडून मटण घेताना मांडी अख्खी, बिनहाडाची, सुरीने सोडवून मागा. सत्तूरने तोडलेल्या मटणात हाडाच्या तांदळाएवढ्या कण्या रुततात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी प्रत्येक पट्टी अंगठा आणि बोटामध्ये धरून लांबीने चाचपा. एक कणी जाळी आणि पात्यामध्ये अडकली तर धारेला कायमची खाच पडते.

मटण धुवायचे असेल तर अख्खे धुवा, निथळा, कोरड्या फडक्याने टिपा आणि मग पट्ट्या कापा. कापून धुतलेले मांस पाणी धरून ठेवते आणि बॉडीत लालसर पाणी साचते. कांदा पहिल्या दळणात घालू नका, तोही पाणी सोडतो. लसूण, आले, मिरची पट्ट्यांमध्ये अधूनमधून टाकायला हरकत नाही. मीठ मात्र दळून झाल्यावर. मिठाने मांसातली प्रथिने चिकट होतात. सीख कबाब करायचा असेल तर हा चिकटपणा हवाच असतो, पण तो खिमा दळल्यावर मीठ घालून मळून आणायचा.

साध्या खिम्याला किलोमागे 100 ते 150 ग्रॅम चरबी पुरते. चरबी वेगळी कापून, तीही गोठवून, मांसाच्या पट्ट्यांबरोबर आलटून पालटून सोडा. सगळी चरबी शेवटी टाकली तर शेवटच्या मिनिटाला जाळी तुंबते.

जाळी आणि वेग

बारीक खिमा हवा म्हणून सुरुवातीलाच 3 मिमीची जाळी लावणे हे लगद्याचे आणखी एक नेहमीचे कारण. कच्चे मांस आधी 8 मिमीमधून काढा, पंधरा-वीस मिनिटे पुन्हा थंड करा, मग 4.5 मिमीमधून. खिमा-पाव, खिमा-मटार, पॅटिस यांना एवढे बारीक पुरते. 3 मिमीची जाळी शिजवलेल्या मांसासाठी राखून ठेवा. शामी कबाबासाठी हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवलेले मटण पूर्ण कोरडे आणि गार करून त्या जाळीतून फार सुरेख निघते.

वेग 4 ठेवा, किचनएडच्या सूचनेतही तोच आहे. जास्त वेगाने घर्षण वाढते आणि कापण्याआधी मांस रेटले जाते. दट्ट्या फक्त ट्रेखालच्या नळीत अडकलेली पट्टी स्क्रूपर्यंत पोहोचवण्यासाठी आहे. त्यावर भार टाकावा लागतोय असे वाटले की थांबा आणि आत बघा. बोट, चमचा, लाटणे यातले काहीही नळीत घालायचे नाही.

गोव्याच्या चौरिसासाठी ग्राइंडर वापरण्याचा मोह टाळा. त्या सॉसेजमध्ये डुकराचे मांस आणि चरबी हाताने कापलेल्या तुकड्यांचीच असते. तुकडा वेगळा लागला पाहिजे, 8 मिमीची जाळीही त्याला फार बारीक.

राखाडी किंवा काळे डाग

खिम्यात राखाडी रेषा दिसल्या की लोक घाबरतात, आणि तो खिमा टाकून देणेच योग्य. पण डाग कुठून येतो ते कळल्याशिवाय मशीन पुन्हा वापरू नका. जागा तीन आहेत.

जाळीच्या तोंडाशी, पहिल्या काही घासांतच काळपट येत असेल तर पाते आणि जाळी कोरडी घासली गेली आहेत. रिंग फार आवळली किंवा मशीन रिकामे चालवले की असे होते. नव्या ग्राइंडरवर कारखान्यातले तेल आणि धातूची पूडही असते. दोन्ही भाग गरम साबणपाण्याने धुवा, पुसा, खाण्यास योग्य तेलाचा एक थेंब बोटाने चोळा आणि पहिला मूठभर खिमा वेगळा काढून फेकून द्या.

बॉडी किंवा स्क्रूला हात लावला की बोट काळे होत असेल तर तो ॲल्युमिनियमवर आलेला थर आहे. डिशवॉशरच्या तीव्र क्षारयुक्त डिटर्जंटमुळे ॲल्युमिनियम काळवंडते आणि चकाकी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा होतो. लिंबाच्या फोडीने चोळून, लगेच धुऊन, पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडके स्वच्छ राहिले तर चालेल. पुन्हा पुन्हा काळे होत असेल तर तो भाग बदला. पितळेची भांडी घासतो तसे चिंच-मिठात भिजत ठेवू नका, मिठाने ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात.

तिसरी जागा मागची. हबच्या बाजूला, बॉडीच्या मानेवर तेलकट तपकिरी ओघळ दिसला तर ते मिक्सरच्या गिअरबॉक्समधले ग्रीस आहे. बरेच दिवस न वापरलेल्या मशीनमध्ये ग्रीसमधले तेल सुटे होऊन झिरपते. हा ग्राइंडरचा दोष नाही. पुसून घ्या, मिक्सर दर काही दिवसांनी थोडा वेळ चालवा, आणि झिरपणे थांबत नसेल तर ग्रीस बदलून घ्या.

धार

पाते आणि जाळी एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाची होतात. तीन जाळ्यांना एकच पाते वापरता येते, पण दुसऱ्या ग्राइंडरचे पाते आणून लावले की कापणी बिघडते. कणी न लागताही पट्ट्या ओढल्यासारख्या येऊ लागल्या तर घरी धार आणता येते. जाड सपाट काच घ्या, त्यावर 400 नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर ओला करून चिकटवा. जाळीची पात्याकडची बाजू त्यावर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात, हलक्या हाताने, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत फिरवा. मग पात्याची सपाट बाजू तशीच. वाकडी घासली तर फट कायमची. शेवटी वाहत्या पाण्यात ब्रशने छिद्रे धुवा, धातूचा एकही कण उरता कामा नये.

पुरण वाटताना नियम उलटा

होळीच्या आदल्या दिवशी हाच ग्राइंडर पुरणासाठी निघतो. मटणाला लागू पडणारा थंडपणा इथे घात करतो. पुरण गार झाले की घट्ट होते, स्क्रूभोवती गोळा होऊन जागच्या जागी फिरत राहते आणि पुढे सरकत नाही. डाळ शिजली की कट पूर्ण निथळा, गूळ घालून पळी उभी राहीपर्यंत आटवा आणि गरम असतानाच 3 मिमीच्या जाळीतून काढा. पुरण सैल असेल तरीही ते गोल गोल फिरते. तेव्हा परत आटवावे लागते, दट्ट्या दाबून उपयोग नाही. पुरणयंत्राइतके मऊ एका फेरीत येत नाही, गरमच दुसऱ्यांदा काढले की येते. शाकाहारी घरात किंवा देवाच्या नैवेद्याला वापरायचे असेल तर वेगळा ग्राइंडर ठेवणेच बरे, छिद्रांतला मांसाचा अंश धुतल्यावरही पूर्ण गेल्याची खात्री देता येत नाही.

सुके खोबरे, कडकडीत वाळलेला पाव, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे दगडी जिन्नस यात घालू नका. पावाचा चुरा हवा असेल तर पाव ताजा असताना दळा आणि चुरा मग वाळवा.

अजूनही अडत असेल तर मिक्सर तपासा

ग्राइंडर काढा, हब उघडा ठेवून मिक्सर रिकामा चालवा. आतले चौकोनी छिद्र स्थिर गतीने फिरले पाहिजे. मोटरचा आवाज येतो पण छिद्र फिरत नाही किंवा कटकट करत थांबते, तर आतला गिअर झिजला आहे. किचनएडमध्ये एक गिअर मुद्दाम असा कमजोर ठेवलेला असतो, की भार वाढला तर तो तुटावा आणि मोटर वाचावी. तो बदलता येतो; मोटर जळाली असे सांगून कोणी नवे मशीन विकत असेल तर आधी हा गिअर उघडून दाखवायला सांगा.

ग्राइंडर लावल्यावर डुलत असेल तर पिन खाचेत नाही किंवा हबची मूठ कंपनाने सैल झाली आहे. डोके गरम लागणे जड कामात स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल किंवा मशीन आपोआप थांबले तर बंद करून अर्धा तास गार होऊ द्या.

अमेरिकेतून आणलेला मिक्सर असेल तर तो 120 व्होल्टचा असतो. इथे तो वजनदार तांब्याच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालवा, हेअर ड्रायरसाठी मिळणाऱ्या हलक्या कन्व्हर्टरवर नाही. ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या वॅटच्या किमान दुप्पट हवा: 325 वॅटच्या मिक्सरला 750 किंवा 1000 वॅटचा. लहान ट्रान्सफॉर्मरवर केक फेटताना काही जाणवत नाही, ग्राइंडर लावला की व्होल्टेज पडते, वेग उतरतो आणि मांस चेपायला लागते.

काम झाल्यावर पावाचा एक तुकडा आत सोडा, स्क्रूतले उरलेले मांस तो बाहेर ढकलतो. मग आधी गार पाण्याने धुवा, कारण गरम पाण्याने मांसातली प्रथिने छिद्रांत घट्ट बसतात. त्यानंतर गरम साबणपाणी, जाळीच्या छिद्रांना बाटली घासायचा ब्रश. लगेच पुसा. पाते आणि जाळ्यांवर तेलाचा पातळ हात फिरवून त्या कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. रिंग अडकून बसली तर हातोडी मारू नका, ओले फडके गुंडाळून डावीकडे फिरवा, आणि तरीही सुटली नाही तर अख्खी बॉडी दहा मिनिटे गरम पाण्यात बुडवा, आत साकळलेली चरबी वितळते आणि रिंग हाताने उघडते.